जावक क्रमांक असलेलं वॉरंट

मामांनी त्या पीडीएफमध्ये सगळ्यात आधी जावक क्रमांक शोधला. तो होता. तारीख होती, विषय होता, संदर्भ होता, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून तीन कार्यालयांची नावं होती आणि उजव्या कोपऱ्यात गोल शिक्का, तोही सहीवर थोडासा चढलेला. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागद खरा की खोटा हे बघायला अजून काय लागतं? शिक्का सहीवर चढलेला हवा, असं त्यांनीच कितीतरी ज्युनिअर पोरांना शिकवलेलं.

त्या कागदावर लिहिलं होतं की मामांच्या आधारवर मुंबईत एक बँक खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी ‘निगराणीत’ राहायचं आहे.

गेल्या जुलैत कराडच्या घरी, देवघराशेजारच्या खोलीत, माझे मामा तीन दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसून होते. वय ७१. मामीला त्यांनी सांगितलं, ऑफिसचं जुनं ऑडिट निघालंय, आत येऊ नकोस. मामी दाराच्या फटीतून चहाचा कप आत सरकवायची. बाथरूमला जाताना परवानगी मागायची, दर तासाला ‘मी ठीक आहे, सहकार्य करतोय’ असा मेसेज पाठवायचा. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तीन एफडी मोडल्या, दोन आरटीजीएस केले. एकूण २३ लाख ४० हजार रुपये ‘पडताळणीसाठी’ पाठवले, जे ४८ तासांत परत येणार होते. चौथ्या दिवशी मामीने माझ्या मामेबहिणीला फोन केला. तक्रार काय, तर हे तीन दिवस दाढी करत नाहीयेत. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं म्हणे.

त्यानंतर आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. ‘एवढा शिकलेला माणूस!’ ‘पेपर वाचत नाहीत का?’ ‘मी तर अशा फोनवाल्यांची मजा घेतो.’ एका मावसभावाने सायबर जागरूकतेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला. ग्रुपमध्ये मामा होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. किंवा आलं असेल. त्या ग्रुपवर मीही होते आणि मी एक शब्द लिहिला नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं. मी पुण्यात एका पेमेंट ॲपच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मला वाटलं, माझ्याच घरात हे कसं काय.

हा लेख त्या ‘कसं काय’बद्दल आहे. कारण उत्तर शोधायला लागल्यावर मला मामांचा बावळटपणा कमी आणि माझ्या धंद्याचा निर्लज्जपणा जास्त सापडत गेला.

आधी ‘जागरूकता’ नावाचं खेळणं बाजूला ठेवू. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं, कायद्यात असा काही प्रकारच नाही, थांबा, विचार करा, मग कृती करा. त्या वर्षाच्या अखेरीपासून काही महिने कुणालाही फोन लावला की आधी सायबर गुन्ह्यांची सूचना ऐकावी लागायची, पुढे ती अमिताभ बच्चनच्या आवाजात आली. आपण सगळे वैतागलो होतो, आठवतंय? मामांनी ती सूचना शेकडो वेळा ऐकली. एवढंच कशाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डिजिटल अरेस्टपासून सावध’ हा मेसेज आमच्या ग्रुपवर मामांनीच फॉरवर्ड केला होता! मी मागे जाऊन शोधला. खाली माझा अंगठा आहे. न वाचता दिलेला.

मग त्यांना कळलं कसं नाही? मी हे त्यांना विचारलं, खूप नंतर, दिवाळीत. म्हणाले, “अगं, तो डिजिटल अरेस्ट म्हणालाच नाही. चौकशीत सहकार्य म्हणाला. साहेब, तुमच्यावर आमचा संशय नाही, तुमचं नाव कुणीतरी वापरलंय, तुम्ही साक्षीदार आहात म्हणाला.”

सगळी जागरूकता त्या एका शब्दाभोवती उभी होती आणि चोराने तो शब्द वापरलाच नाही. चोर काही मागासलेले नाहीत. जागरूकतेचे व्हिडिओ तेही बघतात.

आणि हे फक्त कराडच्या पेन्शनरांचं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याकडून याच पद्धतीने सात कोटी रुपये काढले गेले. त्यांच्यासमोर व्हिडिओवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी उभी केली होती, त्यात सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस. हजारो कामगारांचा उद्योग चालवणारा, पद्मभूषण मिळालेला माणूस. मुंबईत एका ८६ वर्षांच्या बाईंचे २० कोटींहून अधिक रुपये काही महिन्यांत गेले. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून एक कोटीहून जास्त लुटलं, त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. १ डिसेंबरला डिजिटल अरेस्टची प्रकरणं देशभर सीबीआयने तपासावीत असा आदेश झाला. सगळ्या प्रकारचे सायबर आर्थिक गुन्हे धरले तर २०२४ या एका वर्षात भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये गेले, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. एवढी मोठी गळती ‘काही म्हाताऱ्यांना अक्कल नाही’ या एका कारणाने होत नसते. आपल्या वयाचेही यात आहेतच. माझ्या एका फ्लॅटमेटचे टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग देण्याच्या ‘टास्क’मध्ये ऐंशी हजार गेले, ती एमबीए आहे. तिला कुणी ‘एवढी शिकलेली’ म्हणून हिणवलं नाही. तिला आम्ही बिर्याणी खाऊ घातली.

मामांना फसवलं ते त्यांच्या अज्ञानाने असं म्हणताच येत नाही. त्यांना जे पक्कं माहीत होतं, त्यानेच फसवलं. सरकारी कागदाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. ‘गोपनीय’ लिहिलेलं असेल तर घरीसुद्धा बोलायचं नसतं, हे माहीत होतं. साहेबाचा आवाज चढला की आपली चूक असो-नसो, आधी ‘होय साहेब’ म्हणायचं असतं, हेही. आणि गेल्या दहा वर्षांत त्यांना आपण एक नवीन गोष्ट शिकवली: फोनवर जे येईल ते आजच्या आज करायचं, नाहीतर काहीतरी बंद पडेल.

जरा आठवा. आधार-पॅन जोडा, नाहीतर पॅन निष्क्रिय, वर हजार रुपये दंड. केवायसी करा, नाहीतर खातं गोठेल. गॅसची ई-केवायसी, रेशनची ई-केवायसी. २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीसाठी बायका स्वतःचा आधार, नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी घेऊन पोर्टलशी झुंजत होत्या. ओटीपी कुणाला सांगू नका, असं बँक म्हणते. दारात आलेला डिलिव्हरीवाला म्हणतो, काका ओटीपी सांगा. हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणते, ओटीपी आला असेल बघा. खरी कार्यालयं चोरासारखी बोलायला लागली, तर चोराला फार अभिनय करावा लागत नाही. त्याला फक्त त्याच सुरात बोलायचं असतं.

आता बँक. ज्या शाखेत मामांची पेन्शन जमा होते, तिचं नाव मी घेत नाही, कारण दुसरी कुठलीही शाखा हेच करते. मामा दर नोव्हेंबरला तिथे हयातीचा दाखला द्यायला जातात. समोर उभ्या असलेल्या माणसाने आपण जिवंत असल्याचं लिहून द्यायचं. गुडघा दुखत असताना त्यांना दोनदा परत पाठवलंय, एकदा सही जुळत नाही म्हणून. सही जुळत नाही, कारण हात थरथरतो. पासबुक छापायचं मशीन बंद असतं म्हणून तीन हेलपाटे वेगळे.

तोच माणूस जुलैत एका मंगळवारी गेला. सदऱ्याच्या खिशात फोन, कॉल चालू, पलीकडचा ‘अधिकारी’ सगळं ऐकतोय. आयुष्यात कधी मुदतीआधी एफडी न मोडलेला माणूस म्हणाला, दोन एफडी मोडायच्यात. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “कशासाठी काका?” त्यांनी पढवलेलं उत्तर दिलं, “मुलीच्या फ्लॅटसाठी.” पैसे जाणार होते एका ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात, दुसऱ्या राज्यात. मुलीच्या फ्लॅटचे पैसे तिथे का जातायत, हे कुणी विचारलं नाही. वीस मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी उरलेली एफडी. यावेळी बारा मिनिटं, कारण खातं आता ओळखीचं होतं.

मला त्या मुलाचा राग येत नाही. त्याच्या काउंटरसमोर वीस जणांची रांग असेल आणि महिन्याचं विम्याचं टार्गेट डोक्यावर असेल. देशात अशा बातम्याही येतात की एखाद्या कर्मचाऱ्याला संशय आला, त्याने वृद्ध ग्राहकाला बसवून ठेवलं आणि पैसे वाचले. त्याचा सत्कार होतो, फोटो छापून येतो. पण जी गोष्ट नियमाने व्हायला हवी तिचा सत्कार करावा लागतो, यातच सगळं आलं.

माझ्या ऑफिसची गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ॲपमध्ये एक स्क्रीन होती. नव्या माणसाला मोठी रक्कम पाठवताना ती यायची: ‘तुम्ही या व्यक्तीला पहिल्यांदाच पैसे पाठवत आहात. खात्री आहे?’ खाली दोन बटणं. काही लोक त्या स्क्रीनवरून मागे फिरायचे. आमच्या भाषेत याला ‘ड्रॉप-ऑफ’ म्हणतात आणि ड्रॉप-ऑफ हा आमचा शत्रू. मीटिंगमध्ये ठरलं की ही स्क्रीन म्हणजे ‘फ्रिक्शन’ आहे, काढा. काढायचं तिकीट माझ्याकडे आलं. मी अर्ध्या दिवसात काढली, ड्रॉप-ऑफ कमी झाला, चॅनलवर कुणीतरी रॉकेटचा इमोजी टाकला. मागे फिरणाऱ्यांपैकी किती जण फक्त कंटाळले होते आणि किती जण वाचले होते, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये कुणी विचारला नाही. मीही नाही.

मामांचे पैसे आमच्या ॲपवरून गेले नाहीत, आरटीजीएसने गेले. याने मला काही काळ बरं वाटलं होतं.

तांत्रिकदृष्ट्या थांबवणं अवघड आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास पाच हजारांचीच मर्यादा असते, हा थांबा आपण सगळे निमूट सोसतो. यूपीआयवर ओळखीच्या-अनोळखी कुणीही पैशांची ‘रिक्वेस्ट’ पाठवायची सोय होती, त्यातून फसवणूक होते म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तीतली ती सोयच बंद केली. जग बुडालं नाही. ७१ वर्षांचा माणूस, दहा वर्षांत एकही मोठा व्यवहार नाही, अचानक मुदतीआधी एफडी मोडतो आणि सगळी रक्कम कधीच पैसे न पाठवलेल्या खात्यात टाकतो. हे ओळखायला एआय लागत नाही. दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या पोराला ‘इफ-एल्स’मध्ये लिहिता येईल. पण ते लिहिलं जात नाही, कारण नुकसान बँकेचं होत नाही.

मुद्दा इथे आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक म्हणतं की तुमच्या संमतीशिवाय, ना तुमची चूक ना बँकेची, अशा प्रकारे खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चांगला नियम आहे. पण मामांनी स्वतः स्लिप भरली, स्वतः सही केली. म्हणून हा ‘अधिकृत’ व्यवहार. तीन दिवस जेवण-झोप नसलेल्या, खिशातल्या फोनवर पहारा असलेल्या माणसाच्या सहीला आपण संमती म्हणतो. तीच सही, जी नोव्हेंबरात जुळत नसते! जुलैत मात्र पहिल्या फटक्यात जुळली.

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून हा खेळ बदलला. तिथे ग्राहकाला फसवून त्याच्याच हाताने देशांतर्गत पैसे पाठवायला लावले, तर अपवाद सोडता बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते. अर्धी पाठवणाऱ्या बँकेने, अर्धी ज्या बँकेत चोराचं खातं होतं तिने. हा दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडतो. कारण चोराला खातं कुणीतरी उघडून दिलेलं असतंच ना. मामांच्या केवायसीवर एवढा कडक पहारा, आणि महिन्याभरात लाखो रुपये येऊन तासाभरात निघून जाणारं ते चालू खातं कुणाच्या केवायसीवर चालू होतं? सिंगापूरने २०२५ मध्ये कायदाच केला: माणूस फसवला जातोय आणि ऐकायलाच तयार नाही असं दिसलं, तर पोलीस बँकेला त्याचे व्यवहार काही काळ रोखायला सांगू शकतात.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मामांनीच घेतला. “म्हणजे माझ्या पैशाला मी हात लावायचा नाही? मी काय कुक्कुलं बाळ आहे?” बरोबर आहे त्यांचं. वय झालं म्हणून सगळ्यांच्या खात्याला कुलूप घालणं हा दुसरा अपमान होईल. शिवाय, म्हाताऱ्यांना लुटणारे सगळे काही म्यानमारमध्ये बसलेले नसतात, काही त्यांच्याच घरात जेवतात, म्हणून मुलांच्या हाती व्हेटो देणं हा उपाय होऊ शकत नाही. पण मधला रस्ता आहे. बँक तुम्हाला नॉमिनी विचारते, म्हणजे तुम्ही मेल्यावर कुणाला फोन करायचा. जिवंत असताना कुणाला करायचा, तो रकाना फॉर्मवर नाही. अमेरिकेत शेअर दलालांना २०१८ पासून खातं उघडताना असा एक विश्वासाचा माणूस विचारावा लागतो. त्याला पैशांवर काही अधिकार नाही, फक्त काही विचित्र दिसलं तर त्याला फोन करता येतो. मामांच्या फॉर्मवर असा रकाना असता आणि नव्या खात्यात मोठी रक्कम जाताना चोवीस तास थांबायचं, असं त्यांनी स्वतः निवडलेलं असतं, तर मंगळवारीच माझ्या मामेबहिणीचा फोन वाजला असता. हे मी मामांना समजावून सांगितलं. म्हणाले, “असं असेल तर चालेल. पण तुझा नंबर देईन, तिचा नको. ती ओरडते.”

ओरडण्यावरून आठवलं. ही घटना घडायच्या वर्षभर आधी मामांनी मला फोन करून विचारलं होतं, लाईट बिलाचा एक मेसेज आलाय, आज रात्री कनेक्शन कापणार म्हणतायत, खरं आहे का? मी मीटिंगमध्ये होते. मी म्हणाले, “मामा, किती वेळा सांगितलं, असल्या मेसेजना हात लावू नका. तुम्हाला कळत कसं नाही?” फोन चाळीस सेकंदांचा होता. त्यानंतर त्यांनी मला असलं काही विचारलं नाही. जुलैतला तो नकली अधिकारी मात्र तीन दिवस त्यांच्याशी ‘सर’ म्हणून बोलला, बीपीची गोळी घेतली का विचारलं. दिवाळीत मामा मला म्हणाले, “पहिल्या रात्रीच मला शंका आली होती. पण कुणाला विचारणार? खोटं निघालं असतं तर तुम्ही पोरं हसला असता.”

पलीकडे बसलेल्यांबद्दलही दोन शब्द. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंड-म्यानमार सीमेवरच्या स्कॅम केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. नोकरीचं आमिष दाखवून नेलेली मुलं, आपल्याच वयाची. कॉम्प्युटर येतो, इंग्रजी येतं, नोकरी नाही. मामांशी बोलणारा त्यातलाच होता की कुठल्या भारतीय शहरातल्या भाड्याच्या खोलीतला, मला कधीच कळणार नाही. बीपीच्या गोळीचं विचारणं त्याच्या स्क्रिप्टमध्ये होतं का, हेही.

१९३० वर तक्रार केली तेव्हा पैसे जाऊन दोन दिवस झाले होते. २३ लाख ४० हजारांपैकी एक लाख ८६ हजार एका खात्यात अडकलेले सापडले. ते मिळवण्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो, त्यासाठी मामांनी एक फाईल केली आहे. टॅग लावून, पानांना नंबर देऊन, वर अनुक्रमणिका. वकिलाने म्हणे इतकी स्वच्छ फाईल पाहिली नव्हती.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला एक स्क्रीनशॉट पाठवला. बँकेकडून मेसेज: तुमची केवायसी मुदत संपत आहे, खाते सुरू ठेवण्यासाठी खालील लिंकवर त्वरित माहिती अद्ययावत करा. लिंक आखूड केलेली, कुठे जाते ते दिसत नव्हतं. बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ हाच पत्ता वापरावा, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, पण आखूड लिंकमध्ये तो पत्ता दिसतो कुठे? पाठवणाऱ्याचं नाव बरोबर वाटत होतं. मामांनी खाली लिहिलं होतं, “खरं की खोटं? सवडीने सांग.”

मी मीटिंगमधून उठून बाहेर आले. दहा मिनिटं तो मेसेज उलटसुलट पाहिला, सहा वर्षांचा अनुभव आणि पेमेंट क्षेत्रातली नोकरी पणाला लावून. मला ठरवता आलं नाही. शेवटी म्हटलं, मामा, लिंक उघडू नका, शाखेत जाऊन विचारा. ते गेले, गुडघ्याला पट्टा बांधून. तासभर रांगेत थांबले.

मेसेज खरा होता.